वजनकाट्याला न दिसणारं खंगणं

मामींनी खिळा तापवून मामांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेव्हा त्यांच्या आजाराचं नाव कळायला अजून तीन महिने होते. दिवाळीपर्यंत तेही भोक सैल पडू लागलं. मग एका सकाळी अंगावर पाणी घेताना बोटातली अंगठी गळून मोरीत पडली. "वय झालं की माणूस आटतोच," असं आम्ही सगळेच म्हणत होतो. खोकला होता, म्हणून आधी टीबीची औषधं झाली. आपल्याकडे खोकला आणि वजन घटणं एकत्र दिसलं की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो येण्यात चूकही नाही. पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांचे सुरुवातीचे महिने याच वाटेने जातात. मामांचेही गेले. निदान झालं तेव्हा रोग चौथ्या टप्प्यात होता.

पुढे वर्षभर आमच्या घरात एकच प्रश्न होता: गाठ केवढी आहे? प्रत्येक स्कॅननंतर मिलिमीटर मोजले जायचे. मामांचे दंड, मांड्या, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी द्यावा लागणारा रेटा, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण त्याचीही मोजदाद करायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मामा गेल्यावर मी या विषयावर वाचत गेले. मी डॉक्टर नाही. जे तेव्हा कळायला हवं होतं ते इथे मांडते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी ते वेळेवर कळेल.

आपल्या भाषेत या अवस्थेला चांगला शब्द आहे: खंगणं. टीबीला आपण क्षय म्हणतो, त्या शब्दाचाही मूळ अर्थ झिजत जाणं असाच. डॉक्टर कर्करोगातल्या खंगण्याला 'कॅकेक्सिया' म्हणतात. 'वाईट' आणि 'अवस्था' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला. त्याची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या २०११ साली ठरली. निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ती 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात मांडली. तिचा गाभा असा: शरीरातले स्नायू सतत कमी होत जातात, सोबत चरबी घटेल किंवा घटणार नाही, आणि ही झीज नुसतं खाणं वाढवून पूर्ण भरून काढता येत नाही. मोजमापही ठरलं. उपासमार नसताना सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं, तर ते खंगणं. माणूस मुळातच सडपातळ असेल किंवा त्याचे स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरेशी.

५ टक्के म्हणजे किती? ६० किलोच्या माणसाचे फक्त ३ किलो. आपण त्याला 'जरा बारीक झाले' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

उपाशी राहणं वेगळं, खंगणं वेगळं

हा फरक नीट कळला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं, म्हणून इथे थोडं थांबते.

निरोगी माणूस बरेच दिवस उपाशी राहिला तर त्याचं शरीर काटकसरीला लागतं. साठवलेली चरबी वापरायला काढतं, स्नायू होईल तितके वाचवतं, खर्च कमी करतं. कर्करोगात ही काटकसर बिघडते. घरात सरपण शिल्लक असतानाच छपराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसं काहीसं होतं. चरबी असली तरी स्नायू फोडले जातात. खाणं कमी झालेलं असतं, तरी बऱ्याच रुग्णांमध्ये शरीराचा खर्च उतरत नाही, उलट काहींमध्ये वाढलेला असतो.

याचं मोठं कारण म्हणजे दाह. गाठीशी झुंजताना शरीराची प्रतिकारयंत्रणा काही रासायनिक निरोप रक्तात सोडते, आणि गाठ स्वतःही सोडते. जंतुसंसर्गाच्या वेळी हेच निरोप चार दिवस येतात आणि थांबतात. फ्लूच्या तापात अंग गळून जातं, जेवण नकोसं होतं, ते यांच्यामुळेच. कर्करोगात ते थांबतच नाहीत. यांपैकी एका पदार्थाला १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी 'कॅकेक्टिन' असं नाव दिलं होतं, म्हणजे खंगवणारा. पुढे १९८५ साली कळलं की दुसऱ्या शास्त्रज्ञांनी शोधलेला 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', म्हणजे टीएनएफ, आणि हा एकच. इंटरल्यूकिन-६ हा त्याच गोतावळ्यातला आणखी एक.

हे निरोप स्नायूंपर्यंत पोचले की तिथल्या प्रथिनांवर जणू 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी चिकटवली जाते. त्या चिठ्ठीचं नाव युबिक्विटिन. चिठ्ठी लागलेलं प्रथिन पेशीतल्या प्रोटीआसोम नावाच्या यंत्रात जातं आणि त्याचे तुकडे होतात. स्नायू रोज थोडे मोडतात आणि रोज थोडे बांधले जातात, हे तुमच्या-माझ्या शरीरातही चालूच असतं. खंगणाऱ्या शरीरात मोडणं वाढतं आणि बांधणं मंदावतं. मोडीचा माल यकृताकडे जातो. यकृत त्यातून दाहाच्या काळात लागणारी प्रथिनं तयार करतं. रक्ततपासणीच्या कागदावर 'सीआरपी' नावाचा आकडा असतो, तो त्यांपैकीच एक. मामांच्या प्रत्येक अहवालात तो ठळक अक्षरांत छापलेला असायचा. आमच्यापैकी कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

गाठीची स्वतःची खादाडीही आहेच. कर्करोगाच्या पेशी साखर अर्धवट जाळतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. अर्धवट जळलेल्या साखरेचं लॅक्टेट होतं, ते यकृतात येतं, आणि यकृत स्वतःची ऊर्जा खर्चून त्याची पुन्हा साखर बनवतं. गाठीला एका साखरेच्या कणामागे ऊर्जेची दोन नाणी मिळतात, पण तोच कण परत घडवायला यकृताची सहा नाणी खर्ची पडतात. फेरी चालू राहते आणि तोटा शरीराच्या खाती लागतो.

आणि मेंदू. जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन पेशींवर ताण आला की रक्तात वाढतं. ते मेंदूच्या मागच्या भागातल्या एका ठरावीक कुलपात बसतं आणि तिथून अन्नाची वासना मारणारा, मळमळ आणणारा संदेश निघतो. हे कुलूप २०१७ साली सापडलं, तेही जवळजवळ एकाच वेळी चार वेगवेगळ्या गटांना. कर्करोगाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन खूप वाढलेलं असतं.

हे वाचलं त्या दिवशी मी मामींना फोन केला. "अहो, दोन घास तरी खा ना, माझ्यासाठी," असं म्हणत त्या ताट घेऊन तासतासभर बसायच्या. मामा तोंड फिरवायचे, मग मामी स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. त्यांना वाटायचं, आपल्या हाताची चव गेली. मामांना वाटायचं, आपण हिचा जीव दुखावतो आहोत. दोघांच्याही हातात नसलेल्या गोष्टीवरून दोघंही स्वतःला दोष देत राहिली. भूक मारली जात होती ती मेंदूत, एका प्रथिनाकडून. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर त्या घरातली कितीतरी जेवणं सुखाची झाली असती.

पोटाच्या एका कापात दिसणारं भविष्य

स्नायू किती उरलेत हे कळणार कसं? काट्यावर कळत नाही. काटा हाडं, चरबी, पाणी, स्नायू सगळं एकत्रच तोलतो. पायांवर सूज आली, पोटात किंवा छातीत पाणी झालं, तर माणूस आतून झिजत असताना वजन स्थिर राहतं, कधी वाढतंही.

उत्तर रुग्णाच्या फाइलमध्येच असतं. कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर सीटी स्कॅनचा एक आडवा काप घेतला, तर त्यात पाठीचे, पोटाचे आणि मणक्याशेजारचे स्नायू सगळे दिसतात. त्या एका कापातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं तर अख्ख्या शरीरातल्या स्नायूंचा चांगला अंदाज येतो. उंच माणसाचे स्नायू साहजिकच जास्त, म्हणून त्या आकड्याला उंचीच्या वर्गाने भागतात. रोग कुठे पसरलाय हे बघायला पेट-सीटी केलेलं असतं, त्यात हा भाग येतोच. वेगळी सुई नाही, वेगळा किरणोत्सर्ग नाही. चित्र काढून झालेलं असतं, त्यातले स्नायू मोजायचे राहिलेले असतात.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या संशोधकांनी या पद्धतीचा पाया घातला. २०१० साली त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४४१ रुग्णांचे स्कॅन तपासून प्रसिद्ध केले. यांना 'नॉन-स्मॉल सेल' प्रकारचा रोग होता. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के याच प्रकारचे असतात. वजनावरून बघितलं तर त्या ४४१ जणांत कमी वजनाचे म्हणावेत असे जेमतेम ७.५ टक्के होते. जवळजवळ निम्म्यांचं वजन तर उंचीच्या मानाने जास्तच होतं. स्कॅनवर मात्र ४७ टक्के रुग्णांचे स्नायू धोक्याच्या पातळीखाली उतरलेले निघाले. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्के, बायकांत ३१. दारातून आत येताना हे लोक आजारी वाटलेही नसते.

पुढची पायरी २०१३ची. तिथल्याच संशोधकांनी फुप्फुसाच्या आणि पचनमार्गाच्या कर्करोगाच्या १४७३ रुग्णांचा अभ्यास मांडला. तीन गोष्टी पाहिल्या: वजन किती घटलं, स्नायू किती उरले, आणि उरलेल्या स्नायूंची घनता किती. घनता कशाला, तर झिजणाऱ्या स्नायूत चरबी शिरते आणि स्कॅनवर तो गडद दिसतो. आकार तोच, पण आत कस नाही. तिन्ही गोष्टी वाईट असलेल्यांचं मध्यक आयुर्मान ८.४ महिने निघालं. तिन्हींपैकी एकही नसलेल्यांचं २८.४ महिने. आणि पहिल्या गटातला माणूस लठ्ठ असो की किडकिडीत, त्या ८.४ महिन्यांत फरक पडला नाही.

या आकड्यांपाशी घाई करू नका. 'मध्यक' म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले आणि निम्मे जास्त, काही पुष्कळ जास्त. कुणा एकाच्या पत्रिकेत लिहिलेली ही तारीख नाही. शिवाय हे रुग्ण आजची इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेलाच गाठीवर सोडणारे उपचार, सर्रास मिळू लागण्याआधीचे. आणि सर्वांत महत्त्वाचं: स्नायू कमी असणारे लवकर जातात, यावरून स्नायू वाढवले की आयुष्य वाढेलच असं सिद्ध होत नाही. रोग जितका आक्रमक तितकं खंगणंही जास्त, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. तरीही वजन घटण्याचा आणि जगण्याचा संबंध नवा नाही. अमेरिकेत १९८० साली केमोथेरपीच्या ३०४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही उपचारांआधी वजन घटलेले रुग्ण कमी जगले असंच दिसलं होतं.

स्नायूंचा जगण्याशी संबंध कसा, याची काही कारणं अगदी साधी आहेत. श्वास घेणारा पडदा हाही स्नायूच. तो अशक्त झाला की खोकून कफ बाहेर पडत नाही, आणि फुप्फुस आधीच आजारी असलेल्या माणसाला न्यूमोनिया गाठतो. दुसरं कारण औषधाच्या मात्रेचं. अनेक केमो औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून काढतात. दोन माणसांचं वजन सारखं, पण एकाचे स्नायू निम्मे असतील, तर तेवढीच मात्रा त्याला झेपत नाही. उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं असे त्रास जास्त होतात, मग मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची फेरी लांबते. इम्युनोथेरपीतही खंगलेल्या रुग्णांचं शरीर पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध जास्त वेगाने निकालात काढतं, आणि असे रुग्ण कमी जगतात असं दिसून आलं आहे.

आणखी एक गोष्ट बाह्यरुग्ण विभागाच्या दारात घडते. रुग्ण चालत आत आला की चाकांच्या खुर्चीवरून आणला गेला, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, यावरून डॉक्टर त्याला शून्य ते चार असा एक अंक देतात. अंक तीनवर गेला की बऱ्याचदा जड उपचार थांबवावे लागतात. म्हणजे गाठ औषधाला दाद देत असेल, तरी पाय साथ देत नाहीत म्हणून औषध बंद होऊ शकतं.

पुण्यातला एक शोध इथे आठवतो. तो मधुमेहाचा असला तरी आपल्याला लागू पडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची जन्मापासूनची ठेवण असल्याचं याज्ञिकांच्या गटाने दाखवून दिलं आहे. कर्करोगाच्या आधीच आपली स्नायूंची शिल्लक कमी असते. मग कॅनडातला रुग्ण ५ किलो गमावूनही जिथे उभा राहतो, तिथे आपल्याकडचा माणूस कदाचित खुर्ची शोधेल. हा शेवटचा अंदाज माझा आहे, पण तो मला मनापासून पटतो.

घरात काय करता येतं

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याने मी माणसं खंगताना पाहिली आहेत. "साखर बंद करा, दूध बंद करा, अन्न कमी करा, म्हणजे गाठ उपाशी मरेल." गाठ उपाशी मरत नाही. बाहेरून आलं नाही तर ती आतून घेते, आणि आतलं कोठार म्हणजे स्नायू. फुप्फुसाचा रोग पुढे गेलेला असताना एकादशी, गुरुवार, श्रावण सोमवार यांतून रुग्णाला मोकळं करा. देव रागावणार नाही.

युरोपातल्या आहारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत. ६० किलोच्या माणसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत असं धरू. आजाऱ्यासाठी आपण काय करतो? तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, वरणाचं वरचं पाणी. त्यांत प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या पुढे, आणि शिजवलेल्या तेवढ्याच कोंबडीत २५च्या वर. मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम असतात, म्हणून भाजीत कूट सढळ हाताने घालावं. पेजच द्यायची असेल तर तिच्यात मुगाची डाळ शिजवून घोटा, वर तूप सोडा. दुधात दुधाची पावडर मिसळली तर पेला तेवढाच राहतो आणि आतला ऐवज वाढतो. मासे खाणाऱ्या घरात मऊ शिजवलेला बांगडा किंवा सुरमईचा तुकडा चालतो. मूत्रपिंड अशक्त असेल, मधुमेह असेल तर डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून.

भरलेलं ताट समोर ठेवू नका. आमच्याकडे ते रोज व्हायचं आणि ताट बघूनच मामांचा जीव घाबरायचा. लहान वाटी, दर दोन-अडीच तासांनी. बहुतेकांना सकाळी जरा बरं वाटतं, तेव्हा महत्त्वाचं खाणं उरकून घ्यायचं. केमोने तोंडाला धातूची चव येते, अशा वेळी गरमपेक्षा गार पदार्थ बरे जातात. फोडणीच्या वासाने ढवळतं, म्हणून स्वयंपाक चालू असताना रुग्णाला दूरच्या खोलीत बसवावं. तोंड आलंय का, गिळताना दुखतंय का, पोट साफ होतंय का, वेदना आहेत का, हे बघायला सांगा. या गोष्टींवर उपाय आहेत, आणि त्या दुरुस्त झाल्या की पुष्कळदा जेवण सुधारतं.

दुसरी आपली सवय म्हणजे, "तुम्ही नुसते पडून राहा, हात लावू नका कशाला." प्रेमातून येते, पण स्नायूंना फार महाग पडते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. कसलाही आजार नसताना त्यांच्या नुसत्या पायांतून जवळजवळ एक किलो ऐवज गेला. मग दाह पेटलेल्या शरीराचं काय होत असेल. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रुग्णाने दिवसातून थोडं थोडं चालावं. खुर्चीतून पाच वेळा उठावं-बसावं, अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन हात वर-खाली करावेत. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात रोग पसरला असेल तर विचारल्याशिवाय काहीही करू नये, हाड मोडण्याची भीती असते.

घरी मोजायचं असेल तर शिंप्याची टेप पुरते. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवल्याप्रमाणे पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप फसवतं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तीही खूण. हे आकडे आणि दर आठवड्याचं वजन एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. आम्ही गाठीचे अहवाल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावले होते. मामांचं वजन मात्र कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

औषधं कुठवर आली आहेत

भूक वाढवायला स्टिरॉइड देतात. त्याने काही आठवडे भूक लागते, पण दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच स्नायू झिजवतं. मेजेस्ट्रॉलने वजन वाढतं, मात्र त्यात चरबी आणि पाणीच जास्त, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो.

एक चांगली बातमी आपल्याच देशातली आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत फुप्फुस, जठर, आणि यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर ओलान्झापिनचा प्रयोग झाला. हे मूळचं मानसिक आजारांवरचं, स्वस्त आणि जुनं औषध. केमो सुरू असताना निम्म्यांना ते फक्त अडीच मिलिग्रॅम रोज, बारा आठवडे दिलं आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं. दुसऱ्या गटात ९ टक्क्यांचं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या शिफारशी बदलून त्यांत हे औषध घेतलं. वाढलेलं वजन स्नायूंचंच होतं असं यावरून म्हणता येत नाही. तरी एका स्वस्त गोळीने जेवण जाऊ लागतं, ही घरच्यांसाठी लहान गोष्ट नाही. मनाने सुरू करण्याचं मात्र हे औषध नव्हे.

जपानने २०२१ साली अ‍ॅनामोरेलिन या खंगण्यावरच्या गोळीला मान्यता दिली. त्याच्या चाचण्यांत शरीरातला स्नायूंचा वाटा वाढला, पण मुठीची पकड वाढली नाही. याच कारणासाठी युरोपने ते आधी नाकारलं होतं. मला दोन्ही बाजू समजतात. स्नायू दिसायला वाढले आणि माणसाला डबा उघडता येत नसेल तर उपयोग काय, हा प्रश्न रास्तच आहे.

सध्या सर्वांत जास्त आशा पॉन्सेग्रोमॅबकडून आहे. भूक मारणाऱ्या त्या जीडीएफ-१५ला हे इंजेक्शन रक्तातच पकडतं. २०२४ साली १८७ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यांतले ४० टक्के फुप्फुसाच्या कर्करोगाचे. बारा आठवड्यांनंतर सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्यांचं वजन, औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्या गटाच्या तुलनेत सरासरी २.८ किलो जास्त होतं. आयुष्य वाढतं का, हे ठरायला मोठ्या चाचण्या लागतील.

आहार, व्यायाम आणि दाहशामक औषध एकत्र देऊन बघण्याचा मोठा युरोपीय प्रयोगही झाला, फुप्फुस आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर. त्यात वजन टिकलं, पण स्नायू आणि रोजची पावलं यांत फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं नीट करूनही माणूस खंगत गेला तर घरच्यांनी स्वतःला दोषी धरू नये.

आयुष्यावर परिणाम दिसलेला एक वेगळाच अभ्यास आहे. बॉस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास हलका करणारी शुश्रूषा दिली. २०१० साली निष्कर्ष आले. त्या गटाचं मध्यक आयुर्मान ११.६ महिने, दुसऱ्या गटाचं ८.९. वेदना, मळमळ, झोप, मनाची उदासी यांकडे सुरुवातीपासून बघणारं कुणी होतं, इतकाच फरक. आपल्याकडे पॅलिएटिव्हचं नाव काढलं की "म्हणजे आता काही उरलं नाही का?" असं विचारतात. आम्हीही विचारलं होतं आणि दोन महिने घालवले होते.

खंगण्याला शेवटची पायरीही असते. आयुष्य तीन महिन्यांहून कमी उरलेलं असतं, उपचार लागू पडत नाहीत, आणि शरीर अन्न वापरूच शकत नाही. तेव्हा नळीने भरवलं, सलाइन लावलं तरी स्नायू परत येत नाहीत. उलट छातीत पाणी वाढून दम लागतो. इथे ग्रॅम आणि कॅलरी मोजणं सोडून द्यायचं. ओठ ओले ठेवायचे, तोंड स्वच्छ ठेवायचं, मागतील ते, मागतील तेवढंच द्यायचं.

शेवटच्या आठवड्यात पॅलिएटिव्हच्या नर्सताईंनी मामींना हे शांतपणे समजावलं. दुसऱ्या दिवशी मामींनी ताट आणलंच नाही. हापूसचा रस एका लहान चमच्यात घेऊन आल्या. मामांनी तो जिभेवर घेतला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "देवगडचा आहे." मामी म्हणाल्या, "हो." आणि चमचा खाली ठेवून त्यांचे पाय चेपत बसल्या.